२५ हजारांच्या आत लॅपटॉप : वापरलेल्या थिंकपॅड टी४८० चा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पुतणीने चिपळूणच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेला प्रवेश घेतला आणि टॅली, एक्सेल व मराठी टंकलेखन यांसाठी घरात लॅपटॉप आणावाच लागणार हे ठरले. आंब्याच्या हंगामातून बाजूला काढलेले २५ हजार रुपये, एवढीच आमची ऐपत होती. महिनाभर चौकशी करून लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, म्हणजे एखाद्या कंपनीने वापरून बदललेला आणि साफसफाई करून पुन्हा विक्रीस आलेला लॅपटॉप, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह २१,५०० रुपयांना घेतला. आठ महिने तो गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी रोज चालतो आहे.

एवढ्या पैशांत नवा लॅपटॉप का घेतला नाही, असे अनेकांनी विचारले. आम्हाला दाखवलेल्या नव्या लॅपटॉपांत बहुतेक सेलेरॉन या इंटेलच्या स्वस्त जातीचे, दोनच कोरचे (कोर म्हणजे आकडेमोड करणारा स्वतंत्र भाग) प्रोसेसर होते, रॅम ४ जीबी आणि तीही मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली, आणि साठवणूक ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी, म्हणजे एसएसडीपेक्षा संथ आणि स्वस्त साठवणूक. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते हे खरे, पण किमान गरजेवर चालणारे यंत्र पहिल्या दिवसापासूनच रखडते आणि त्यात पुढे काहीही वाढवता येत नाही. टी४८० हा २०१८ चा असला तरी त्यात चार कोरचा आय५ प्रोसेसर आहे आणि रॅमसाठी दोन खाचा आहेत. आमच्या यंत्रातली एक खाच रिकामीच असल्यामुळे दिवाळीत आणखी ८ जीबीची पट्टी बसवली. तळाचे स्क्रू सैल करून झाकण काढायला आणि पट्टी दाबून बसवायला पुतणीला वीस मिनिटे पुरली.

खरेदीच्या वेळी फसगत होण्याची खरी जागा प्रोसेसरची पिढी, म्हणजे तो कोणत्या वर्षांच्या मालिकेतला आहे, ही आहे, आणि तिथे आम्ही थोडक्यात बचावलो. पहिल्या दुकानात आम्हाला जवळपास असाच दिसणारा लॅपटॉप १७ हजारांना दाखवला गेला. कोणत्या पिढीचा, असे विचारल्यावर दुकानदार एवढेच म्हणाले, "काका, आय५ म्हणजे आय५, त्यात पिढी कसली बघता?" पडद्याच्या चौकटीवरचे अक्षर वाचले तेव्हा तो टी४७० निघाला. ही दोन्ही यंत्रे दिसायला सख्ख्या भावांसारखी असली तरी टी४७० मध्ये इंटेलच्या सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो आणि विंडोज ११ ची अधिकृत यादी काही मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे असे यंत्र स्वस्तात मिळाले तरी विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आय५ च्या पुढचा आकडा ८ ने सुरू होतो ना, हे विंडोजच्या 'सिस्टिम'च्या पानावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

दुसऱ्या दुकानात आम्ही तासभर बसलो आणि तिथल्या माणसाने ते मनापासून बसू दिले. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता २४ वॅट-तास आणि आता उरलेली १९ दिसली, जी जुन्या यंत्राला शोभेशी होती. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही याची खात्री केली, कारण तो अडकला तर सोडवणे फार जिकिरीचे होते. शेवटी विजेरीच्या उजेडात यूएसबीच्या खाचा आणि तळाचे स्क्रू तपासले. कोकणात हे मी आवर्जून करायला सांगेन. खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या किंवा पाण्यात भिजलेल्या यंत्राच्या स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस गंज आणि खाचांच्या आत हिरवट बुरशीसारखा थर दिसतो, मग बाहेरून ते कितीही पुसलेले असो.

आमच्यासाठी या लॅपटॉपचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याच्या दोन बॅटऱ्या. एक आत कायमची बसवलेली, दुसरी मागे काढता-घालता येणारी. आधी मागची वापरली जाते आणि ती संपत आली की यंत्र आपोआप आतल्या बॅटरीवर जाते. जुलैत विजा कडाडू लागल्या की आम्ही चार्जर भिंतीतून काढून ठेवतो आणि वीज गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो. अशा एका रात्री पुतणीने मांडीवरचा लॅपटॉप उलटा केला, दोन्ही खिट्ट्या बाहेर सरकवून रिकामी बॅटरी ओढून काढली आणि भरलेली जादा बॅटरी खटकन बसवली. एक्सेलचा तक्ता जसाच्या तसा उघडा होता.

पडद्याबद्दल मात्र मी समाधानी नाही. फुल एचडी आयपीएस (बाजूनेही नीट दिसणाऱ्या जातीचा) असूनही त्याची उजळता २५० निट्सच (निट हे उजळतेचे माप) आहे, त्यामुळे दुपारी ओटीवर बसून वाचता येत नाही. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा टीएन, म्हणजे बाजूने पाहिल्यास फिका दिसणाऱ्या जातीचा, पडदा असलेले टी४८० ही बाजारात आहेत, ते मात्र थोडक्या पैशांसाठीही घेऊ नयेत. वजन दीड किलोच्या वर आहे आणि रोज एसटीने जाणाऱ्या मुलीच्या पाठीला ते जाणवते. कॅमेरा कामापुरता. कीबोर्ड उत्तम आहे, मराठी इनस्क्रिप्ट या कळमांडणीवर बोटे सहज चालतात.

दमट हवेसाठी आम्ही एकच पथ्य पाळतो : पावसाळ्यात यंत्र कपाटात बंद ठेवायचे नाही, रोज थोडा वेळ तरी चालवायचे, म्हणजे आतल्या उष्णतेने ओल धरत नाही. आता मागची बॅटरी ७२ वॅट-तासांची घ्यायचा विचार आहे. ती तळाच्या खाली उतरते आणि लॅपटॉप मागच्या बाजूने उचलला जातो, पण पुतणीचे म्हणणे असे की त्या उताराने टंकलेखन उलट सोपे जाईल.