सतरा इंची अलॉय, अठ्ठावीसची हवा आणि लपवलेला टायर

गाडी ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका कुटुंबाची, साधी सेडान. मूळ चाकं १५ इंची, टायर १८५/६५ आर१५ (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार उचलतो याचा सांकेतिक आकडा, ८८. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर जो स्टिकर दिसतो, त्यावर हवा ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). नवी मुंबईतल्या एका दुकानात ही चारही चाकं उतरवून १७ इंची अलॉय आणि २०५/४५ आर१७ टायर चढवले. फोनवर ‘एक्सएल (जास्त भार उचलणारे) टायर देतो’ असं कबूल केलेलं, बिलावर फक्त ‘२०५/४५ आर१७, ४ नग’. जुनी चाकं दुकानदाराने "साहेब, फ्लॅटमध्ये कुठे ठेवताय" म्हणत बिलातून थोडे पैसे कमी करून ठेवून घेतली. ट्रायलला गाडी एकदम मख्खन.

दोन महिन्यांनी गायमुखजवळच्या खड्ड्यात पुढच्या डाव्या रिमला बाक आला आणि टायरला अंड्याएवढा फुगा. दुकानाचं उत्तर, रस्ते खराब आहेत, आम्ही काय करणार. खड्ड्याचा मार टायरच्या वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यामुळे तीही वाट बंद. घोडबंदरच्या खड्ड्यांना दोष दिला की कुणीच वाद घालत नाही, हे दुकानदारांना पक्कं ठाऊक असतं. फसवणूक मात्र पहिल्या दिवशी दुकानातच उरकली होती, हवा भरताना. चारही टायरमध्ये २८ पीएसआय होते.

२८ का, हे नीट समजून घ्यायला हवं. १८५/६५ च्या साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची साधारण १२० मिमी, २०५/४५ ची ९२. म्हणजे रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामधली रबराची उशी २८ मिमीने कमी झाली. अशा टायरमध्ये त्याला लागते तेवढी हवा भरली तर गाडी कडक चालते आणि गिऱ्हाईक पहिल्याच फेरीत म्हणतं, दणके बसतायत. हवा स्टिकरपेक्षाही पाच पॉइंट कमी ठेवली की दणके जातात, पैसे दिले जातात, गाडी घरी जाते. वर समजूत अशी घालतात की टायर रुंद आहे, त्याला हवा कमी लागते. हे साफ खोटं आहे. भार उचलते ती टायरच्या आत कोंडलेली हवा. टायर बुटका झाला की हवेला जागा कमी उरते आणि तोच भार उचलायला दाब वाढवावाच लागतो.

किती वाढवायचा, हे काढता येतं. इथे बहुतेक दुकानांतला माणूस ‘चौतीस टाका, चालतं’ म्हणून मोकळा होतो, म्हणून हिशोब सविस्तर देतो.

८८ इंडेक्सचा साधा टायर जास्तीत जास्त ५६० किलो उचलतो, पण ते ३६ पीएसआयला. ३३ ला तोच टायर साधारण ५२० किलो उचलतो. कंपनीने या गाडीला दर चाकामागे दिलेली क्षमता ही अशी ५२० किलोंची. नवा टायर कोणताही घ्या, तो एवढा उचलेल इतकी हवा त्यात हवी.

आता २०५/४५ आर१७ दोन प्रकारांत मिळतो. ८४ इंडेक्सचा साधा आणि ८८ इंडेक्सचा एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोड. एक्सएलच्या ८८ ला ५६० किलो उचलायला ३६ पुरत नाहीत, ४२ पीएसआय लागतात. म्हणून ‘इंडेक्स तोच ८८ आहे, हवाही तीच ३३ ठेवा’ हा सल्ला ऐकायला बरोबर आणि हिशोबात चूक. ३३ ला हा टायर जेमतेम ४६० किलो उचलतो, चाकामागे ६० किलोंची तूट. सोपा ठोकताळा असा की इंडेक्स तोच ठेवून साध्यावरून एक्सएलवर गेलात, तर जुन्या हवेला ४२ ने गुणून ३६ ने भागा. ३३ चे साडेअडतीस होतात. भरताना ३९ धरा.

आणि ८४ चा साधा टायर? तो ३६ पीएसआयला ५०० किलो उचलतो. त्यावर हवा वाढवून भारक्षमता वाढलेली धरत नाहीत. म्हणजे या गाडीला त्या टायरची योग्य हवा अशी नाहीच. चाळीस भरा, पंचेचाळीस भरा, टायर चुकीचाच. गाडीखाली वाकून साइडवॉल वाचली तेव्हा ‘८४’ दिसला, एक्सएलचं नाव कुठेच नाही. २८ ला हा टायर साधारण ४०५ किलो उचलतो. ५२० च्या जागी ४०५.

यावर दुकानात एक युक्तिवाद ऐकवतात आणि तो वरवर पटतोही. माणसं-सामान धरून गाडी पंधराशे किलो, भागिले चार, म्हणजे चाकामागे ३७५. मग ४०५ पुरतात की! पुरत नाहीत. इंजिन पुढे असल्यामुळे वजन चार चाकांवर सारखं पडत नाही. ब्रेक मारला की ते आणखी पुढे झुकतं, आणि ब्रेक मारत खड्ड्यात उतरणारं चाक एका क्षणाला नेहमीच्या कितीतरी पट मार खातं. वरचा राखीव भाग कंपनीने त्यासाठीच ठेवलेला असतो. शिवाय कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि आतून तापतो. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ते कळणारही नाही. आमणेहून समृद्धी महामार्गाला लागून इगतपुरीपर्यंत एकसारखं शंभराच्या पुढे पळवा, मग साइडवॉलच्या आतले धागे सुटायला लागतात.

१६ इंचावर थांबलात तर गणित बरंच सोपं असतं. १९५/५५ आर१६, इंडेक्स ८७, हा मूळ टायरच्या व्यासाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो (६२१ मिमी), साइडवॉल १०७ मिमी राहते आणि ५२० किलोंसाठी सव्वाचौतीस पुरतात, म्हणजे ३५ भरायचे. आपल्याकडच्या रस्त्यांना, दिसायला थोडं कमी भारी असलं तरी, हेच माप शहाणपणाचं.

हवेचा लपंडाव इथेच संपत नाही. ज्या गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतो आणि चाकाच्या फिरण्यावरून हवा कमी झाल्याचं ओळखतात, त्यांत हवा भरल्यावर रीसेटचं बटण दाबावं लागतं. ते २८ ला दाबलं की गाडी २८ लाच बरोबर समजते आणि दिवा आणखी पाचसहा पॉइंट उतरल्याशिवाय लागत नाही. गिऱ्हाईकाला वाटतं दिवा नाही, म्हणजे सगळं ठीक. टायरमध्ये सेन्सर असेल तर तो जुन्या रिमसोबत दुकानातच राहत नाही ना, हे बघा.

नायट्रोजनचं लेबल हाही असाच पडदा. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो भरला म्हणून दोन महिने हवा मोजायचा गेज लावायला नको, असं होत नाही. "उन्हात हवा वाढते म्हणून कमी ठेवलीय" हेही उलटंच आहे. तापमान साडेपाच अंशांनी चढलं की सुमारे एक पीएसआय वाढतो, पण स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो आणि तापल्यावरची वाढ धरूनच दिलेला असतो. गरम टायरची हवा कधीही सोडू नये. याच्या विरुद्ध टोकाची चूक म्हणजे साइडवॉलवर लिहिलेला ५१ वाचून तेवढी भरणं. ती सहन करायची कमाल मर्यादा आहे. एवढ्यावर टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते.

गेज स्वतःचा घ्या. गाडी किमान तीन तास उभी असताना, सकाळी निघण्यापूर्वी चारही टायर आणि स्टेपनी तपासा. पेट्रोल पंपावर हवा फुकट असते, पण तिथवर जाताना टायर तापतो. म्हणून घरी मोजून किती कमी आहे ते लिहून घ्या आणि पंपावर तेवढीच वाढवा. तिथल्या मशीनच्या आकड्याशी भांडत बसू नका.

दुकानात पैसे देण्याआधी प्रत्येक टायर रिमवर चढण्यापूर्वी हातात घेऊन वाचा. माप, इंडेक्स, एक्सएल आहे की नाही, आणि डॉट कोडचे (साइडवॉलवर ‘DOT’ पासून सुरू होणाऱ्या कोडचे) शेवटचे चार आकडे. १८२२ म्हणजे २०२२ सालचा अठरावा आठवडा. नव्याच्या भावात तीन-चार वर्षं गोदामात पडलेला टायर देतात, तो इथे पकडला जातो. अलॉयच्या आतल्या बाजूला, स्पोकच्या पाठीमागे, कमाल भार किलोत कोरलेला असतो. तो नसेल तर ते रिम घेऊच नका. रिमचं मधलं भोक हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) सैल बसत असेल तर मापाची रिंग मागा, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि मग तुमच्याकडून बॅलन्सिंगचे पैसे तीनदा घेतले जातात. हे सगळे आकडे पक्क्या बिलावर लिहून घ्या, ‘४ नग’ वर समाधान मानू नका. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे, जुना २८ लावलेला दिसला तर तिथेच बोला. बदल विमा कंपनीलाही लेखी कळवा.

फसवणूक आधीच झाली असेल तर फुगा आलेला टायर बदलीत देऊन टाकू नका. तो पुरावा आहे. साइडवॉल, डॉट कोड आणि थंड टायरवर लावलेला गेज यांचे फोटो काढा, दुकानाला लेखी कळवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

दुकान वाद घालेल की मूळ टायरही ८४ चाच होता. जुनी चार चाकं त्याच्याकडे आहेत, तुमच्या हातात काही नाही असं त्याला वाटत असतं. डिकीतला गालिचा उचला. कंपनीने स्टेपनी त्याच मापाची दिली असेल, तर तिच्यावर १८५/६५ आर१५ ८८ अजून लिहिलेलं असेल.