दुबई की स्टुटगार्ट? पगार सोडून उरलेला हिशोब

माझ्या मावसभावाच्या हातात सध्या दोन ऑफर आहेत, एक दुबईची आणि एक जर्मनीतल्या स्टुटगार्टची. बायको नोकरी करते, मुलगी दीड वर्षाची. पगार, कर, घरभाडं असा तक्ता करून त्याने मला पाठवला आणि विचारलं, "ताई, तू दोन्हीकडे राहिलीस. काय करू?"

तक्ता बरोबर आहे. दुबईत पगारावर आयकर नाही. जर्मनीत कर आणि विम्याचे हप्ते कापून पहिला पगार हातात आला तेव्हा आम्ही ती स्लिप तीनदा वाचली होती. पण रविवारी संध्याकाळी दूध संपलं तर काय, याचा रकाना त्याच्या तक्त्यात नव्हता. तो मी भरून देते.

हाताखालची माणसं

पुण्यातलं आपलं घर किती जणांच्या जिवावर चालतं ते पुणं सोडल्यावर कळतं. भांडी-फरशीच्या मावशी, पोळ्यांच्या काकू, इस्त्रीवाला, कचरा नेणारे, आणि "पाच मिनिटं बाळाकडे बघता का" म्हणून हाक मारायला समोरच्या आजी.

दुबईत यातलं बरंचसं पैसे टाकून मिळतं. तासावर येणारी बाई परवाना असलेल्या एजन्सीकडूनच घ्यायची. दुसऱ्याच्या व्हिसावरच्या बाईला परस्पर कामाला ठेवलं तर जबर दंड होतो. पण बाई मिळते. इमारतीखालच्या बकाल्यात, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, फोन केला की कोथिंबिरीची एक जुडी आणि दह्याचा डबासुद्धा वर येतो. समोरून हिंदीत उत्तर येतं.

स्टुटगार्टला सगळं आपणच करायचं. कायद्याने किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, त्यामुळे आठवड्यातून दोन तास बाई परवडते, रोज नाही. त्यात या श्वाबेन भागाची खास देणगी म्हणजे 'केअरवोखे', जिना झाडायची पाळी. तुमचा आठवडा आला की दारावर पाटी लटकते, मग जिना पुसायचा, इमारतीसमोरची जागा झाडायची. नवऱ्याला झाडू मारताना व्हिडिओ कॉलवर पाहून सासूबाई दोन दिवस नीट बोलल्या नव्हत्या. पाळी चुकली तर जिन्यात चिठ्ठी लागते. तिचा सूर इतका ओळखीचा असतो की सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला उगाच माहेरी आल्यासारखं वाटतं.

आणि रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. बेकरी सकाळी थोडा वेळ उघडी असते, स्टेशनातलं एखादं दुकान चालू असतं, बाकी शुकशुकाट. भिंतीत ड्रिल मारायचं नाही, मिक्सर लावतानाही मी आधी घड्याळ बघते. दुबईत रात्री अकराला मुलांचे बूट घ्यायला गेलोय आम्ही.

स्वयंपाकघर

दुबईत काही अडत नाही. मीना बाजार किंवा करामा या भागांत ज्वारीचं पीठ, अळूची पानं, कोकम, पोहे, सगळं मिळतं. जुन्या इमारतींत गॅस असतो, त्यामुळे वांगं भाजता येतं.

स्टुटगार्टचं भाड्याचं घर बरेचदा स्वयंपाकघराविनाच मिळतं. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नळाची तोटी तेवढी बाहेर आलेली. आधीच्या भाडेकरूकडून त्याचं किचन विकत घ्यायचं नाहीतर नवीन बसवायचं. दिवेसुद्धा नसतात, छतातून वायरी लोंबत असतात. शेगडी काचेची, विजेवर चालणारी. घडीच्या पोळ्या करणाऱ्याचं तिच्यावर फारसं बिघडत नाही, फुलकेवाल्यांचं मात्र कठीण आहे. वांगं ओव्हनमध्ये भाजायचं, आणि त्या भरिताला धुराचा वास यायची वाट बघत बसायचं नाही. भेंडी, कोथिंबीर, पुदिना तुर्की दुकानात छान मिळतो. कढीपत्ता दिसला की लोक चार पाकिटं उचलून फ्रीजरमध्ये टाकतात.

बॅग भरताना मात्र दोन्हीकडची गंमत उलटसुलट आहे. युरोपीय संघात बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे आईचं घरचं तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळं घरीच ठेवायचं. दुबईला तूप खुशाल न्या, पण खसखस चुकूनही नको. तिथे ती अमली पदार्थांत मोडते आणि थेट तुरुंगापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. आमच्या पहिल्या दिवाळीला आईने अनारशांवर खसखशीऐवजी तीळ लावून पाठवले होते. आता स्टुटगार्टच्या कुठल्याही बेकरीत खसखशीचा केक मिळतो. तिथे मी तो खाते आणि तूप मात्र लोणी आणून घरी कढवते.

बाथरूमबद्दल एकच वाक्य: दुबईत जेट स्प्रे असतो, जर्मनीत नसतो, आणि जर्मन बाथरूमच्या फरशीला बरेचदा मोरीच नसते, तेव्हा बादली-तांब्याची आंघोळ विसरा.

बाळंतपण, ताप, आणि आई

मोठी दुबईची, धाकटा स्टुटगार्टचा, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

दुबई मुंबईपासून तीन तासांवर. आई डिंकाचे लाडू घेऊन आली, दोन महिने राहिली. पलीकडच्या गल्लीत मल्याळी डॉक्टरीणबाई, त्याच दिवशी भेटणाऱ्या. घड्याळात दीड तासाचा फरक, त्यामुळे आई परत गेल्यावरही रोज सकाळचा चहा फोनवर एकत्र व्हायचा. कमी पडली ती रजा. तिथल्या खाजगी नोकरीत बाळंतपणाची रजा ६० दिवसांची, त्यातले ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या.

स्टुटगार्टला आईला शेंगेन व्हिसा लागला, त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ती डिसेंबरात आली. साडेचारला अंधार पडायचा, बोलायला कोणी नाही, ती कंटाळली. पण 'हेबामे', म्हणजे सुईण, विम्याच्या खर्चाने घरी यायची. बाळाचं वजन करायची, माझे टाके बघायची, दूध कमी येतंय म्हणून रडले तेव्हा अर्धा तास नुसती बसून राहिली. आई तिला बडीशेपेचं पाणी समजावून सांगत होती, तर त्या बाईने आपल्या पिशवीतून बडीशेपेच्या चहाचंच पाकीट काढलं. बाळंतपणाआधी ६ आणि नंतर ८ आठवडे सुट्टी, पुढे प्रत्येक पालकाला मूल तीन वर्षांचं होईपर्यंत नोकरी राखून रजा घेता येते. शिवाय मुलामागे महिना २५५ युरो सरकार देतं, हा २०२५ चा आकडा.

साध्या तापाला मात्र जर्मनीत मन घट्ट करावं लागतं. मुलांचे डॉक्टर नवे पेशंट घेत नाहीत म्हणून आम्हाला सात दवाखान्यांनी परत पाठवलं. आठव्या ठिकाणी औषध काय दिलं, तर चहा आणि आराम.

मुलांचं घराबाहेरचं जग

जून ते सप्टेंबर दुबईत मूल बागेत नेता येत नाही. मोठीची पहिली तीन वर्षं एसी, गाडी आणि मॉलमध्ये गेली. शाळा खाजगी. सीबीएसईच्या शाळा भरपूर आणि ब्रिटिश शाळांपेक्षा बऱ्याच स्वस्त, तरी फी दर वर्षी बोचते.

स्टुटगार्टला ती पावसात रबरी पँट घालून चिखलात लोळते आणि शाळेत मैत्रिणींबरोबर चालत जाते, आमच्याशिवाय. सरकारी शाळेला फी नाही. पाळणाघराची, म्हणजे 'किटा'ची, कथा वेगळी. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून कायद्यात आहे, पण प्रत्यक्ष जागेसाठी आम्ही अकरा महिने थांबलो. तेवढा काळ माझी नोकरी लटकली. त्यात जर्मन भाषेशिवाय माझ्या कामाचं फारसं काही नव्हतंच. दुबईत इंग्रजीवर महिन्याभरात मुलाखती सुरू झाल्या होत्या.

मग काय करायचं

वहिनीची नोकरी लगेच सुरू राहायला हवी असेल आणि मावशी वर्षातून दोनदा येऊन राहणार असेल, तर आत्ता दुबई. मुलगी दीड वर्षाची आहे, या वयात घरात जास्तीचं माणूस लागतं आणि ते तिथे मिळतं. मात्र व्हिसा नोकरीला बांधलेला असतो हे विसरू नका. ती पहिलीत जायच्या सुमारास पुन्हा तक्ता करा. तेव्हा फीचा आणि मोकळ्या हवेचा रकाना स्टुटगार्टकडे झुकेल.

वहिनीला वर्षभर घरी थांबून भाषा शिकायची असेल, तर थेट इकडे स्टुटगार्टला या. किटाची नावनोंदणी मात्र विमानाच्या तिकिटाआधी करा.

आणि हो, इकडे येणार असाल तर तव्याचं बूड सपाट आहे ना ते बघून घ्या. आम्ही आणलेला बिडाचा खोलगट तवा पाच वर्षं तळघरात पडून आहे.