अर्धवट नियमांवर गेम चालवायचाय? आधी अर्धवटपणाचा प्रकार बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) या टेबलाभोवती बसून, काल्पनिक पात्रं होऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतल्या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला आहे. चार मित्र, फाशांचा एक संच आणि मोकळी संध्याकाळ मिळाली की तेवढ्यावर खेळ सुरू होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मास्टरच्या, म्हणजे गोष्ट चालवून निर्णय देणाऱ्याच्या, खुर्चीत बसणार असाल तर तेच घ्या, पुढचं वाचायचीही घाई नाही.

ज्यांना तरीही कच्च्या नियमांची ओढ आहे त्यांच्याशी मला बोलायचंय. मी स्वतः त्यातलाच. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘अर्धवट’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. काही नियमांना भोकं असतात, पण ती जागची हलत नाहीत. काही नियम भरगच्च असतात, पण ते बदलत राहतात. टेबलावर या दोन्हींचा त्रास वेगळा आणि मजाही वेगळी.

भोकांचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे १९७४ चं मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन पातळ पुस्तिका, एका खोक्यात, किंमत १० डॉलर, पहिली छपाई १००० प्रतींची. लढाईसाठी तुमच्याकडे ‘चेनमेल’ हे आधीचं युद्धखेळाचं पुस्तक असेल असं धरलेलं. पर्यायी पद्धत दिलीय, पण आधी वार कुणाचा, हे तिथे धड सापडत नाही. रानावनातल्या प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या बोर्डगेमचा पट आणा म्हणून सांगितलंय! खंजीर असो की दोन हातांनी पेलायची तलवार, इजा एका सहाच्या फाशाइतकीच. आणि ‘चोर’ हा क्लासच, म्हणजे पात्राचा प्रकारच, नाही; तो १९७५ च्या पुरवणीत आला.

आता असा प्रसंग घ्या. आमच्या टेबलावर एकीला भिंतीच्या कडेवरून सरकत जाऊन खालच्या राक्षसाच्या डोक्यावर दिव्याचं तेल ओतायचं होतं. पुस्तिकांत यावर चकार शब्द नाही. पण अडकलेलं दार धक्का देऊन उघडायचं असेल तर सहाच्या फाशावर एक किंवा दोन पडायला हवेत, असं तिथे लिहिलंय. बेसावध गाठले जाण्याची शक्यताही तेवढीच. म्हणजे लेखकांच्या मनात ‘जमलं तर जमलं’ प्रकारच्या गोष्टीचं माप काय होतं, हे कळतं. मी म्हटलं, “एक किंवा दोन आला तर तेल बरोब्बर डोक्यावर.” तिने फासा टाकला, दोन आला, टेबलावर आरडाओरडा झाला. तो निर्णय आमच्या निर्णयांच्या वहीत गेला आणि पुढच्या वेळी कुणालाही तोच लागू. भोक बुजवताना नवं यंत्र बांधू नका, शेजारच्या नियमाचं माप उसनं घ्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

ही भोकं सुपीकही होती. केन सेंट आंद्रे यांना मूळ पुस्तिका इतक्या गोंधळाच्या वाटल्या की त्यांनी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा आपला वेगळाच खेळ १९७५ मध्ये आणला. १९७७ मध्ये जे. एरिक होम्स या न्यूरोलॉजीच्या प्राध्यापकांनी नवशिक्यांसाठी तेच नियम नीट मांडून दाखवले. तुमच्या वहीची जात तीच आहे, हे विसरू नका.

मात्र याला विश्वास लागतो. प्रत्येक निर्णयावर “पण कुठे लिहिलंय?” असं विचारणारा एक जरी खेळाडू असला, तरी तिसऱ्या सेशनपर्यंत मास्टर थकतो.

दुसरा प्रकार, बदलत राहणाऱ्या नियमांचा, म्हणजे प्लेटेस्टचा: छापण्याआधी लोकांना खेळून पाहायला दिलेला मसुदा. पाचव्या आवृत्तीचा मसुदा ‘डीअँडडी नेक्स्ट’ या नावाने मे २०१२ मध्ये खुला झाला, पुढच्या वर्षीपर्यंत बदललेल्या नियमांचं पॅकेटमागून पॅकेट येत राहिलं, पुस्तकं निघाली २०१४ मध्ये. तुम्ही खेळून पाहता, प्रश्नावली भरता आणि खेळ खरोखर बदलतो. हे सुख छापील पुस्तकात नाही. पाथफाइंडर या त्याच जातीच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचा प्लेटेस्ट ऑगस्ट २०१८ मध्ये आला, त्यात ‘रेझोनन्स’ नावाचे गुण होते. जादूची वस्तू वापरायची, अगदी जखम भरणारं औषध प्यायचं, तरी त्यातला एक गुण खर्च. लोकांना ते रुचलं नाही आणि २०१९ च्या अंतिम पुस्तकात ते उरलं नाही. खेळणाऱ्यांचा आवाज पोहोचला.

पण पोहोचण्याची किंमत कॅरेक्टर मोजतं. डीअँडडी नेक्स्टच्या एका पॅकेटात सॉर्सरर हा जादूगाराचा क्लास आला आणि नंतरच्या पॅकेटांतून तो गायब झाला. समजा तुमच्या टेबलावर कुणी महिनाभर तोच खेळत असेल तर? एका वेगळ्या गेमच्या मसुद्यावर माझ्याकडे असंच झालं. नवी फाइल आली, मी उत्साहाने त्याच संध्याकाळी लागू केली. एका मैत्रिणीच्या कॅरेक्टरची मुख्य ताकदच बदलली होती. तिने त्या कॅरेक्टरचं चित्र काढून शीटला, म्हणजे त्याच्या माहितीच्या कागदाला, टाचणीने लावलं होतं. ती भांडली नाही, पण उरलेल्या वेळात फारसं बोललीही नाही. तेव्हापासून मी खेळ सुरू करताना मसुद्याची तारीख शीटवर लिहून घेतो आणि ती गोष्ट संपेपर्यंत नवी फाइल उघडत नाही.

पाथफाइंडरच्या प्लेटेस्टसोबतचं साहस बघा, सात भागांचं आहे आणि मधल्या काही भागांत नवीच पात्रं घ्यायची आहेत. बनवणाऱ्यांनीच एका पात्राला सलग सगळा भार वाहायला लावलं नाही. प्लेटेस्ट असाच खेळावा, तुकड्यातुकड्यांत, तीन-चार सेशनपुरता.

म्हणून वर्षभर चालणारी मोहीम, ओळखीची मंडळी आणि गप्पांतून वाट काढायची आवड असेल तर मी डोळे झाकून भोकांचे नियम निवडेन. तुमच्याकडचे लोक आकडेमोडीत रमणारे असतील, “हा स्पेल जास्तच भारी झालाय” यावर तासभर बोलू शकत असतील, तर प्लेटेस्ट त्यांच्यासाठीच आहे. मित्राने स्वतः लिहिलेल्या नियमांत दोन्ही त्रास एकत्र येतात. लेखक टेबलावरच बसलेला असतो, म्हणून एकाच बैठकीचं आमंत्रण स्वीकारा.

आणि निर्णयांची ती वही मास्टरने स्वतःकडे ठेवू नये. आमच्याकडे ती सगळ्यात जास्त वाद घालणाऱ्या खेळाडूच्या हातात असते. तो आता निर्णय वाचून दाखवतो, तारखेसकट.