ज्यूलियाज ब्यूरो, लंडन : फी नाही, पण खात्रीही नाही

मेलेल्यांशी गाठ घालून देणारी कचेरी म्हटली की अंधारी खोली आणि हलणारं टेबल डोळ्यांसमोर येतं. इंग्रज पत्रकार-संपादक डब्ल्यू. टी. स्टेडने १९०९ साली लंडनच्या नॉरफोक स्ट्रीटवर, मोब्रे हाउसमध्ये उघडलेल्या या ब्यूरोत मात्र आधी अर्ज भरावा लागे. फी नव्हती. शोकाकुल नातलगांना लुबाडणाऱ्या त्या काळच्या बाजारात ही मोठीच जमेची बाजू.

अर्जावर निर्णय ज्यूलिया घेई. ज्यूलिया एम्स, शिकागोची पत्रकार, १८९१ मध्ये वारलेली! तिचा होकार-नकार माध्यमांमार्फत, म्हणजे मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या माणसांमार्फत येई, मग बैठक. परवानगीचा हा बडेजाव स्टेडला शोभतो. १८८५ मध्ये मुलींचा व्यापार उघडा पाडायला त्याने ५ पौंडांत १३ वर्षांची मुलगी 'विकत' घेऊन दाखवली. संमतीचं वय १६ झालं, पण मुलीच्या बापाला विचारलं नव्हतं, म्हणून संपादकमहाशय तीन महिने तुरुंगात गेले.

दोष सेवेच्या गाभ्यातच आहे. स्टेड स्वतः पेन्सिल धरून 'हात सोडून' लिही, म्हणजे आपला हात दुसराच कुणी चालवतो असं मानून; यालाच स्वयंलेखन म्हणत. नकळत होणारी स्नायूंची हालचाल किती फसवी असते, हे शास्त्रज्ञ फॅरेडेने १८५३ मध्येच दाखवलं होतं. टेबलावर पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून त्याने लोकांना वर हात ठेवायला लावले. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरकला. म्हणजे आधी हात हलले, मग टेबल. ढकलणाऱ्यांना मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

त्याहून अवघड गोष्ट अशी, की दूरच्या जिवंत मित्रांचे निरोपही आपला हात लिहितो, असं स्टेड अभिमानाने सांगे. ते खरं मानलं, तर समोर बसलेल्या विधवेच्याच मनातलं कागदावर उतरलं नसेल कशावरून? 'नवऱ्याचं लाडकं नाव सांगा' हा प्रश्न तिथेच बाद होतो. कुठल्याही जिवंत माणसाला ठाऊक नसलेली, पण मागाहून पडताळता येईल अशी गोष्टच विचारायला हवी.

अशी परीक्षा तोवर होऊनही गेली होती. अशा गूढ अनुभवांचा अभ्यासक एफ. डब्ल्यू. एच. मायर्सने, मेल्यावर आतला मजकूर कळवता येतो का हे पाहायला, एक मोहोरबंद लिफाफा भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉजकडे ठेवला होता. मायर्स १९०१ मध्ये वारला. लिफाफ्यात काय आहे याचा निरोप स्वयंलेखनातून आल्यासारखा वाटला, तेव्हा १९०४ मध्ये तो फोडला. मजकूर जुळला नाही. ब्यूरो उघडला तो त्यानंतर पाच वर्षांनी.