टायमिंग लाइट न लावता केलेलं ट्यूनिंग

इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटलेली निघाली. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (सिलिंडर किती दाब धरतो ते मोजतात ती) बाकीचे तीन सिलिंडर १६० पीएसआयच्या आसपास होते, हा मात्र ८५. ट्यूनिंग होऊन जेमतेम महिना झाला होता. ज्यांनी मोठा टर्बो आणि स्वतंत्र इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बसवलाय आणि आता मॅपसाठी, म्हणजे त्यातल्या इंधन आणि ठिणगीच्या आकड्यांच्या तक्त्यासाठी, गाडी कुणाच्या तरी ताब्यात द्यायचीय, त्यांनी हे नीट वाचा.

ट्यूनरने दिवसभर डायनोवर (गाडीची पॉवर मोजायच्या यंत्रावर) काम केल्याचे पैसे घेतले आणि हातात रंगीत आलेख ठेवला. टायमिंगचं, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते याचं, विचारलं तर म्हणाला, "साहेब, नॉक शून्य आहे, लॉग बघा ना." नॉक म्हणजे मिश्रण अवेळी भडकून इंजिन आतून ठोकणं; लॉगमध्ये, म्हणजे इसीयूच्या नोंदीत, ते खरंच शून्य होतं. मॅपला पासवर्ड घातलेला, आणि तो द्यायला नकार, कारण म्हणे ती त्याची मेहनत. मला ते तेव्हा पटलं.

पुढे धूर यायला लागल्यावर बरंच भांडून पासवर्ड मिळवला आणि दुसऱ्या ट्यूनरकडे गेलो. मॅपच्या टिपणात दुसऱ्याच मॉडेलच्या गाडीचं नाव! नॉक सेन्सरची मर्यादा इतकी वर नेलेली, की इंजिन कितीही ठोकलं तरी आकडा शून्यच दिसावा. एवढ्यावरच फसवणूक सिद्ध होत होती, पण पिस्टनचा घात केला तो तिसऱ्या गोष्टीने.

टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो तो बिंदू, नेमका कुठे आहे हे इसीयूला आपणहून कळत नाही. क्रँक सेन्सरसमोरून क्रँकवरच्या दातेरी चाकाची, एक दात मुद्दाम गाळलेली जागा जाते, तिथून तो अंश मोजतो, आणि त्या दातापासून टीडीसीपर्यंतचा कोन आपण त्याला सांगावा लागतो. म्हणून आधी टायमिंग १० अंशांवर लॉक करायचं आणि क्रँकच्या पुलीवर टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) मारून खूण १० वरच येते का ते बघायचं. आरपीएम वाढवल्यावरही ती हलता कामा नये. (पुलीच्या रबराची बाहेरची कडी सरकलेली असेल तर खूणच खोटी ठरते, त्यामुळे टीडीसी पिस्टन स्टॉपने (प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणाऱ्या अवजाराने) तपासलेला बरा.) माझ्या गाडीत तो कोन कुणी भरलाच नव्हता. लॉक केलं १० वर, लाइटमध्ये दिसले १५! म्हणजे मॅपमधला प्रत्येक आकडा प्रत्यक्षात ५ अंश पुढे. पूर्ण बूस्टला (टर्बोच्या पूर्ण दाबाला) लिहिलेले १८ अंश खरे २३ होते.

मिश्रण जळायला वेळ लागतो म्हणून ठिणगी टीडीसीच्या आधी पडते, आणि दाबाचा कळस टीडीसीनंतर साधारण १५ अंशांवर यावा लागतो. बूस्ट वाढला की दाट मिश्रण भराभर जळतं आणि नॉकही लवकर होतो, म्हणून टायमिंग मागे घ्यावं लागतं. इथे उलटंच झालं: पिस्टन अजून वर चढतोय आणि वरून दाब त्याच्यावर आदळतोय. प्लग काढले तेव्हा पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण होते. ते पिस्टनचेच. ट्यूनिंगच्या दिवशीच त्याने प्लग काढून बघितले असते, तर कदाचित तेव्हाच कळलं असतं.

मॅप तुमच्या मालकीचा राहील आणि टायमिंग तुमच्यासमोर लॉक करून लाइटने दाखवलं जाईल, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. टाळाटाळ दिसली तर किल्ली खिशातच ठेवा.

नव्या मॅपमध्ये पूर्ण बूस्टला टायमिंग बरंच मागे आहे आणि पॉवर जुन्या आलेखापेक्षा थोडी कमी दिसते. तो जुना कागद आणि पावती जपून ठेवलीय. पैसे परत मागतोय. पहिला ट्यूनर अजून फोन उचलत नाही.