ह्यूस्टनच्या आय-४५ चा पर्यावरण अहवाल: मोजणीला पाचपैकी पाच, पर्यायांना पाचपैकी एक

हे परीक्षण रस्त्याचं नाही, त्याच्या कागदांचं आहे. टेक्सासच्या परिवहन खात्याने, म्हणजे टेक्सडॉटने, ह्यूस्टन शहरातून जाणारा इंटरस्टेट ४५ रुंद करण्यासाठी जो पर्यावरणीय परिणाम अहवाल काढला, तो मी लेकीकडे मुक्कामाला असताना वाचला. नोकरीतली बरीच वर्षं रस्ता रुंदीकरणाच्या संयुक्त मोजणीत आणि हरकती-सूचनांच्या फायलींत गेली, त्यामुळे दुसऱ्याचा असा अहवाल दिसला की माझा हात शिवशिवतो. जावई म्हणाले, आई, इथे बघण्यासारखं नासा आहे. तेही पाहिलं.

आधी काम काय ते. डाउनटाउनपासून उत्तरेला बेल्टवे ८ या शहराभोवतीच्या वळणरस्त्यापर्यंत चार 'मॅनेज्ड एक्सप्रेस' लेन, म्हणजे कोणती वाहनं जाणार यावर नियंत्रण असलेल्या जलद लेन, वाढवायच्या. शहराच्या मध्यभागातला पिअर्स एलिव्हेटेड हा १९६७ चा उन्नत मार्ग बंद करून आय-४५ पूर्वेकडे आय-६९ या दुसऱ्या महामार्गाच्या जोडीने न्यायचा. सगळं मिळून सुमारे २४ मैल. खर्चाचा अंदाज आधी ७ अब्ज डॉलरच्या आसपास होता, पुढे ९ अब्जांच्या वर गेला. अहवालाचा मसुदा एप्रिल २०१७ मध्ये आला, अंतिम प्रत सप्टेंबर २०२० मध्ये आणि निर्णयाचा कागद फेब्रुवारी २०२१ मध्ये.

मोजणीला मी पैकीच्या पैकी गुण देते. १,०७९ घरं, ३४४ व्यवसाय, ५ प्रार्थनास्थळं, २ शाळा. जे जाणार ते लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. भाड्याने राहणारा माणूसही विस्थापित म्हणून धरला आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्याने त्यालाही स्थलांतराची मदत मिळते. आपल्याकडे ज्याच्या नावावर उतारा तो बाधित. त्याचा भाडेकरू आणि कोपऱ्यावरचा टपरीवाला यादीत यावा म्हणून किती खेटे घालावे लागतात, ते मोजणीच्या कामावर गेलेल्या कोणालाही विचारा. नकाशे तर बघत राहावेत असे. प्रत्येक वळण, प्रत्येक पूल, जुनी हद्द आणि नवी हद्द. मोजमापं फुटांत असल्याने मीटरचं गणित तेवढं डोक्यात करावं लागतं.

आवाजाचं प्रकरणही नीट आहे. घरांसाठी ६७ डेसिबल हा निकष, आणि त्याच्या जवळ गेलं की आवाज अडवणाऱ्या भिंतीचा विचार करायचा. भिंत मात्र 'शक्य आणि वाजवी' ठरावी लागते. म्हणजे तिच्या खर्चामागे पुरेशा घरांना फायदा दिसला पाहिजे. दाट वस्तीला भिंत मिळते. हायवेला लागून चारच घरं उरली असतील, तर त्यांनी खिडक्या लावून बसावं.

आता जिथे गाडी अडते ते सांगते. हवेच्या प्रकरणाचा युक्तिवाद असा: पुढच्या काळात इंजिनं स्वच्छ होणार, म्हणून गाड्या वाढल्या तरी विषारी धूर आजच्यापेक्षा कमी असेल. असेलही. पण ते श्रेय इंजिनाचं, रुंदीकरणाचं नव्हे. तुलना 'रस्ता रुंद केला' आणि 'केला नाही' यांची व्हायला हवी. दोन्ही आकडे दिलेत, पण भर सगळा आजच्या आकड्याशी तुलना करण्यावर. परीक्षकाला गुंगवायची ही युक्ती मी मराठी अहवालांतही पुष्कळ पाहिली आहे.

पुराचं प्रकरण वाचताना तारखा शेजारी ठेवा. मसुदा एप्रिल २०१७ चा, हार्वे वादळ ऑगस्ट २०१७ चं. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या हवामान संस्थेने पावसाचे अंदाजच बदलले: ह्यूस्टनमध्ये शंभर वर्षांतून एकदा पडणारा चोवीस तासांचा पाऊस १३ इंचांवरून १८ इंचांवर गेला. बफेलो बायू या शहरातून वाहणाऱ्या संथ प्रवाहाच्या काठावरची क्लेटन होम्स ही सरकारी वसाहत हार्वेत बुडाली होती, आणि ती या प्रकल्पाच्या वाटेतही होती. मग रस्त्यासाठी उठवायचं हेच पुरातून सोडवणं ठरलं. कदाचित काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण पाणी चढतं म्हणून माणसं हलवायची आणि त्याच पाण्याशेजारी कोट्यवधींचं काँक्रीट ओतायचं, हे मला काही केल्या पचलं नाही.

पर्यायांना एक गुण, तोही दयेने. सुरुवातीला पर्यायांची लांबलचक यादी, तिच्यातून चाळत चाळत रस्त्याच्या प्रत्येक भागासाठी तीन, आणि मग एक. ते तिन्ही लेन वाढवणारेच. 'काहीच न करणे' हा पर्याय कायद्याने ठेवावाच लागतो म्हणून ठेवला आहे, मुलगी बघायला गेल्यावर ताटलीत ठेवलेल्या पोह्यांसारखा. आणि हे त्या शहरात, जिथे केटी फ्रीवे हा दुसरा महामार्ग २.८ अब्ज डॉलर खर्चून २००८ मध्ये फुगवला; बाजूचे सेवा रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन. काही वर्षांतच संध्याकाळची कोंडी परत आली. नवी लेन नव्या गाड्या बोलावते, ही गोष्ट ह्यूस्टनला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

सगळ्यात मोठी गोम सहीत आहे. डिसेंबर २०१४ पासून केंद्राने हे तपासणीचे अधिकार टेक्सडॉटलाच सोपवले आहेत. रस्ता बांधणार टेक्सडॉट, अहवाल करून घेणार टेक्सडॉट, मंजुरीवर सहीही टेक्सडॉटची. हे वाचून मी चष्मा पुसून पान पुन्हा वाचलं.

आता आपली बढाई नको. २०१३ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते ती काम १०० किलोमीटरच्या वर असेल आणि जादा जमीनही ठरावीक रुंदीच्या पुढे लागत असेल तरच. हे २४ मैल म्हणजे चाळीसच्याही आत. असाच प्रकल्प महाराष्ट्रात असता तर मला वाचायला हा अहवालच मिळाला नसता.

अहवालाने प्रकल्प अडला नाही; ज्या अमेरिकी पर्यावरण कायद्याखाली असा अहवाल करावा लागतो, त्याचं कामच तेवढं, नीट बघून मग निर्णय घ्या. अडला तो दुसऱ्या दारातून. मार्च २०२१ मध्ये हॅरिस काउंटीने, म्हणजे ह्यूस्टन ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या प्रशासनाने, दावा लावला. त्याच सुमाराला केंद्रीय महामार्ग प्रशासनाने नागरी हक्कांच्या तक्रारींवरून काम थांबवायला सांगितलं, कारण उठणारी वस्ती मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो लोकांची होती. केंद्रीय प्रशासनाशी झालेल्या मार्च २०२३ च्या समझोत्यात परवडणाऱ्या घरांसाठी ३ कोटी डॉलर, हवेची मोजणी, पाण्याच्या निचऱ्याच्या अटी असं काय काय आलं. रस्ता मात्र तोच राहिला आणि काम सुरू झालं.

चित्रांना भुलू नका. डाउनटाउनजवळ रस्ता खाली उतरवून वर झाकण आणि त्यावर बाग असं देखणं चित्र काढलंय. बागेचे पैसे मात्र दुसऱ्या कोणीतरी आणायचे आहेत.

ज्याला वाचायचा असेल त्याने पहिल्या पानापासून सुरुवात करू नये, झोप लागेल. आधी वस्तीवरच्या परिणामांचा तांत्रिक अहवाल काढा आणि नकाशात आपली गल्ली शोधा. मग नागरिकांच्या हरकती आणि खात्याची उत्तरं वाचा. सगळ्यात जिवंत मजकूर तिथेच आहे. वाहतुकीचं प्रकरण शेवटी, आणि जवळ पेन्सिल ठेवून.