आधी खोगीर की आधी खरारा?

घोडेस्वारीच्या शिबिरांचे ढोबळ दोन प्रकार. एकात पहिल्याच सकाळी मुलाला खोगिरावर चढवतात. दुसऱ्यात पहिले दोन दिवस तबेल्यातच जातात.

पहिल्यात मुलं खूश, आईवडील त्याहून खूश, कारण फोटो मिळतो. भित्र्या मुलाची भीडही लवकर चेपते, हे मान्य. पण लगाम मदतनिसाच्या हातात, त्यामुळे घोड्याचं काय चाललंय हे मुलाला कळतच नाही.

तबेल्यातून सुरुवात केलेलं मूल घोड्याच्या थेट मागून जात नाही. तिथलं घोड्याला दिसत नाही, हे त्याला ठाऊक असतं. ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जातं. खरारा करताना, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासताना, पाठीवरची सूज त्याच्या हाताला लागते. खूर साफ करताना आकडी टाचेकडून पुढे ओढायची, मधल्या मऊ त्रिकोणाला टोचायचं नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना काही घोडे पोट फुगवतात, म्हणून चढण्याआधी तो पुन्हा तपासायचा. शेण उचलताना कुरकुर होतेच, होऊ द्या.

शिबिर दोनच दिवसांचं असेल तर पहिला प्रकार चालेल. आठवडाभराचं असेल तर मी दुसराच निवडेन. फक्त रोज थोडी रपेट हवी. नुसत्या झाडलोटीवर दहा वर्षांचं पोर टिकत नाही.